पेशीच्या आत शिरणारा निरोप्या

आळंदीजवळ इंद्रायणीच्या काठी चऱ्होली हे गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत मोडते. अशा एखाद्या गावातील जुन्या वाड्यात निरोप पोचवायचा आहे असे समजा. एक निरोप्या दिंडीदरवाजाची कडी वाजवील, निरोप सांगेल आणि परतेल. दुसरा घरचा असल्यासारखा थेट आत जाईल, दप्तराच्या खोलीत शिरेल आणि कोणती वही उघडायची, कोणती मिटायची ते ठरवील.

आपल्या शरीरातील संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोने, अशीच दोन तऱ्हांची असतात. इन्शुलिन पहिल्या जातीचे. ते प्रथिन आहे. पेशीचे पटल त्याला ओलांडता येत नाही. स्टेरॉइड संप्रेरके दुसऱ्या जातीची. ती कोलेस्टेरॉलपासून बनतात, म्हणून स्निग्ध पदार्थांत विरघळतात. आणि पेशीचे पटलही मुख्यतः स्निग्ध रेणूंचेच! तेव्हा ती सहज आत शिरतात.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे स्टेरॉइड तयार करतात. ते श्वेत रक्तकणात शिरले की काय होते? पेशीद्रवात त्याची वाट पाहत एक ग्राही प्रथिन असते. कॉर्टिसॉल त्याला चिकटले की ग्राहीचा आकार बदलतो, त्याला धरून ठेवणारी इतर प्रथिने सुटतात आणि ही जोडी पेशीकेंद्रकात जाते. तेथे डीएनएच्या लांबलचक धाग्यावर ठरावीक जागा हेरून ती बसते.

तुम्ही म्हणाल, बसली तर बसली, त्यात काय एवढे? पण येथेच खरी गंमत आहे. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० प्रथिनांच्या कृती जनुकांच्या रूपाने लिहिलेल्या असतात; मात्र प्रत्येक पेशी त्यांतील काहीच वाचते. ही जोडी दाह आवरणाऱ्या प्रथिनांची जनुके वाचायला लावते. दुसरे काम तर त्याहून मोलाचे. जंतूंची चाहूल लागताच श्वेत रक्तकणांत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन जागे होते आणि इंटरल्यूकिन-६ सारख्या, दाह भडकवणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करते. कॉर्टिसॉलची जोडी त्याच्या कामात अडथळा आणते, आणि ‘धावा, धावा’ ही हाकाटी कमी होते.

जनुक वाचले जाऊन नवे प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून स्टेरॉइडचा बराचसा परिणाम मिनिटांत नव्हे, तासांनी दिसतो.

ही हाकाटी नेहमीच वाईट नसते, हे मात्र विसरू नका. तिच्यावाचून जंतूंशी लढाई होणारच नाही. प्रश्न वेळेचा आहे, आणि तो करोनाच्या साथीत जिवावर बेतला. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच वर्षी पिंपरीच्या नेहरूनगरात अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जंबो रुग्णालय उभारावे लागले. आजार विकोपाला गेलेल्या अनेकांच्या फुप्फुसांची नासधूस विषाणूंइतकीच त्यांच्या स्वतःच्या भडकलेल्या श्वेत पेशी करीत होत्या.

डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड त्याच ग्राहीला चिकटते, आणि कॉर्टिसॉलपेक्षा सुमारे पंचवीसपट प्रभावी आहे. ब्रिटनमध्ये ते २,१०४ रुग्णांना देऊन पाहिले. ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार दिले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील दर १०० रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांत सुमारे ४१ दगावले, डेक्सामेथासोन दिलेल्यांत २९. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत हे आकडे २६ आणि २३ होते. आता पुढचे नीट वाचा. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांच्यात ते १४ आणि १८ निघाले! हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण फायदा नाही एवढे स्पष्ट झाले. या रुग्णांत विषाणूंशी लढाई अजून चालू असावी. तेव्हाच सैन्याला गप्प बसवून काय साधणार?

एवढे कळूनही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेकांनी ताप येताच स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. कॉर्टिसॉलचा ग्राही केवळ श्वेत पेशींत नसतो. यकृतातही तो असतो, आणि तेथे साखर तयार करणाऱ्या विकरांची जनुके चालू करतो. रक्तातील साखर चढली, प्रतिकार मंदावला, आणि एरवी माती व कुजक्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या बुरशीला वाट मिळाली. त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘काळ्या बुरशी’ने, महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राणही घेतले. मधुमेह्यांना धोका सर्वांत अधिक होता.

दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी तुमच्या घरात कोणी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुष्कळ दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर हे वाचून त्या एकदम बंद करायला सांगू नका. बाहेरून स्टेरॉइड येत राहिले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात. त्या पुन्हा कामाला लागेपर्यंत गोळ्यांची मात्रा डॉक्टर हळूहळू उतरवतात. कधी त्याला आठवडे लागतात, कधी महिने.