आधी डबे उघड

सातारा

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. रविवारी ऑफिसातली चार पोरं जेवायला येणार, जेवण आणि केक दोन्ही घरीच करायचं ठरवलंयस, आणि मावशीने सामानाची यादी पाठवावी. सोबत फडताळाचा आणि फ्रिजचा फोटो. तो मोठा करून करून पाहिला. यादी पाठवत नाही. कारण यादीतलं बहुतेक सगळं तुझ्या घरातच आहे, तुला ते दिसत नाही एवढंच.

मला काय दिसलं ते सांगते. रबर लावलेला रव्याचा पुडा, अर्ध्याहून जास्त. बेसनाचा डबा. मसूर डाळ. तांदूळ भरपूर. शेंगदाणे, तीळ. खाली टोपलीत बटाटे, कांदे, लसणाचा एक गड्डा. फ्रिजमध्ये अर्धा दुधी, मऊ पडलेले टोमॅटो, पिशवीत कोंडलेली कोथिंबीर, पाणी सुटलेलं दही आणि पावाची अर्धी लादी. वर साल काळी पडलेली केळी, जी तू बहुधा टाकायला काढली होतीस. एवढ्यात तुम्ही फ्लॅटमधले तिघं आणि चार पाहुणे पोटभर जेवाल.

तुम्ही मुलं आधी मोबाइलवर पदार्थ बघता आणि मग त्यात सांगितलेलं सगळं आणता. त्यातल्या एका बाटलीतला चमचाभर सॉस लागतो, उरलेली बाटली फ्रिजच्या दारात वर्षभर उभी. त्यात आता दहा मिनिटांत दारात किराणा येतो. लिंबू मागवायचं असतं, पण डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून सोबत वेफर्स आणि बिस्किटं येतात. त्या लिंबाची खरी किंमत कधी मांडून बघ.

घरचा स्वयंपाक दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो. माझी खाणावळ होती तेव्हा सकाळी पहिलं काम म्हणजे भाजीची टोपली पालथी करायची. आज वापरलं नाही तर उद्या वाया जाईल असं जे असेल, त्यावरून त्या दिवशीची भाजी ठरे. आज मला काय खावंसं वाटतंय हा प्रश्न त्यानंतरचा. आणि तोही महत्त्वाचा आहे बरं का, कारण मन मारून केलेली काटकसर आठ दिवस टिकते, नवव्या दिवशी माणूस बिर्याणी मागवतो.

तर दुधी. चिरायच्या आधी कच्चा एक तुकडा चाखून बघ. कडू लागला तर अख्खा फेकून दे, तिथे काटकसर करायची नाही. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही त्याचा कडूपणा जात नाही. गोड असेल तर साल थोडी जाडसर काढ आणि बारीक चिर. तव्यावर चमचाभर तेल, त्यात साल मंद आचेवर परतत राहा. आधी ती पाणी सोडेल, मऊ पडेल, मग हळूहळू कडा तपकिरी होऊन कुरकुरायला लागतील. तिथवर थांबायला हवं, बहुतेकांचा धीर आधीच सुटतो. मग त्यात दोन चमचे तीळ, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या घालून तीळ तडतडेपर्यंत परत. गार झाल्यावर मीठ घालून मिक्सरचं बटण नुसतं दोन-तीनदा दाब. गंध करू नकोस, चटणी भरड हवी. दोडक्याच्या शिरांची चटणी अशीच होते. आतला दुधी मसुरीच्या आमटीत घाल, मऊ टोमॅटोही त्यातच. कोथिंबिरीची पानं काळवंडली असतील ती काढ, पण काड्या टाकू नकोस. पानांपेक्षा काड्यांना वास जास्त. आमटीला उकळी येताना चिरून घाल.

बटाट्यांना बारीक मोड आले असतील तर ते खोल काढून टाकले की चालतं. साल हिरवी झालेला बटाटा मात्र नको. उकडलेल्या बटाट्यात मीठ, लसूण-मिरची आणि वाळका पाव मिक्सरला फिरवून केलेला चुरा घालून तव्यावर पॅटिस भाज. पाव नुसता वाळला असेल तर उत्तम. त्यावर बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तो पाव टाकायचा, ठिपका खरवडून उरलेला खायचा नाही. खवट किंवा बुरसट वासाचे शेंगदाणेही तसेच. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण काटकसर शिकायला लागलेल्या माणसाला काही टाकवतच नाही आणि मग औषधाचं बिल येतं.

आपल्याकडे ‘आज भाजीला काही नाही’ असं म्हणत बाया ज्या गोष्टी करत आल्या, त्या आता हॉटेलात पाटी लावून विकतात. पिठलं घे. अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, कांदा-लसणाच्या फोडणीत ओतून झाकण ठेवायचं. दोन माणसांचं भागतं. डाळकांदा, शेंगदाण्याचा म्हाद्या, बेसनाच्या गोळ्यांची आमटी, आमटीत कणकेचे तुकडे सोडून केलेल्या चकोल्या, हे सगळं भाजी नसलेल्या दिवसाचं जेवण. पुरण शिजवताना डाळीवरचं पाणी फेकायचं नाही, म्हणून कटाची आमटी झाली आणि आज तिच्याशिवाय पुरणपोळीचं ताट अपुरं वाटतं. लोणी कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी लहानपणी आम्ही साखर घालून खात होतो, कणकेत मळली की पोळी खुसखुशीत होते. आंबट झालेलं ताक ओतून देण्याऐवजी त्यात तांदळाची पिठी शिजवली की उकड. तुझ्या घरी पिठी नसेल तर एक किलो आण. यादीतली एवढी एकच वस्तू मी मान्य करते.

उरलेल्या भाताचं नीट ऐक. तुम्ही रात्री कुकर तसाच ओट्यावर ठेवून झोपता, हे तुझ्या आईने मला सांगितलंय. शिजलेला भात उबेत राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यातले काही असं विष तयार करतात की सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते जात नाही. जेवण झालं की तासाभरात भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. फोडणीचा भात थंडगार सुट्ट्या भाताचाच चांगला होतो, त्यामुळे चवीचाही फायदाच.

आता जरा वेगळं बोलते. शिळ्या पोळीच्या कुसकऱ्याचं, फोडणीच्या पोळीचं आजकाल फार कौतुक चालतं, ‘आजीच्या हातची चव’ वगैरे. पण घराघरांत ते शिळं खायचं कोणी? पुरुषांना आणि मुलांना ताजी पोळी, मागे राहिलेली बाई शिळं संपवणार, आणि शिळंही नसेल तर पाणी पिऊन उठणार. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं, पण पुष्कळींच्या होतं, आमच्या घरीही मी ते पाहिलं आहे. काटकसर घराची आणि तिचा भार एकीच्या पोटावर, असला हिशेब मला मान्य नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये बाई नाही, हे एका अर्थी बरंच आहे. कुसकरा केलास तर तिघांच्या ताटात सारखा वाढ.

आणि असंच कौतुक १९७२ च्या दुष्काळाचं. मी तेव्हा शाळेत होते. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना मोडे, म्हणून आई पीठ उकळत्या पाण्यात भिजवायची. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटत. ‘तेव्हा आम्ही कशातही भागवायचो’ असं अभिमानाने सांगणारे लोक भेटतात तेव्हा मी गप्प बसते. त्याला काटकसर म्हणत नाहीत, ती उपासमार होती. काटकसर करायला आधी घरात दाणा लागतो. तुझ्याकडे तो आहे, पगारही आहे. म्हणून तुला हे सांगण्यात अर्थ आहे. रोजंदारीवरच्या माणसाला हे पत्र मी लिहिलं नसतं.

आता केक. ओव्हन नाही म्हणून तू नवा घ्यायचं म्हणतोयस. थांब. कोकणात तवसं, म्हणजे मोठी काकडी, जून होऊन पिवळं पडलं, कोशिंबिरीच्या कामाचं राहिलं नाही, की ते किसून तांदळाच्या रव्यात आणि गुळात घालून धोंडस करतात. पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वरून-खालून कोरडी आच मिळाली की झालं, भट्टीचं तत्त्व एवढंच. शहरातही ओव्हन घरोघर नव्हते. दिवाळीच्या आधी बाया तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणत. सामान घरचं, आच बेकरीची, आणि भाजणावळ ठरलेली.

तुझ्याकडे जाड बुडाची जुनी कढई आहे ना, तीच घे. पुष्कळजण कुकरची शिटी आणि रिंग काढून त्यात केक करतात. पण रिकामा कुकर कोरडा तापवत राहिलं की त्याचं नुकसान होतं, महागाचं भांडं त्यासाठी कशाला? कढईत बोटभर जाडीचा मिठाचा थर पसर, वर एखादी चाळण किंवा स्टीलची रिंग ठेव, घट्ट झाकण लाव आणि दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू दे.

माप एकाच वाटीने घे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक घराघरांत चाललं त्याचं एक कारण हेही, की त्यात मापं वाटी-चमच्याची होती, वजनकाटा शोधायला नको. दीड वाटी बारीक रवा, अर्धी वाटी साखर, वाटीभर आंबट दही पाण्यासकट, पाव वाटी वास नसलेलं तेल आणि ती काळी केळी कुस्करून. केळी पिकून गोड झालेली असतात, म्हणून साखर कमी धरली. चिमूटभर मीठ घाल. कालवून अर्धा तास झाकून ठेव, रवा फुगेल. घट्ट वाटलं तर थोडं दूध. शेंगदाण्याचं भरड कूट घातलंस तर बदामाची आठवण येणार नाही.

खायचा सोडा अगदी शेवटी, अर्धा छोटा चमचा. दह्याच्या आंबटपणाशी तो भिडला की लगेच वायू सुटायला लागतो आणि त्याचेच बुडबुडे केक फुगवतात. सोडा घालून तू फोनवर बोलत बसलास तर ते बुडबुडे भांड्याबाहेर जातील आणि केक दडस होईल. तेव्हा सोडा घाल, हलक्या हाताने ढवळ, तेल लावून वर रवा भुरभुरलेल्या डब्यात ओत आणि तडक कढईत ठेव. आच मंद. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. त्यानंतर सुरी खुपसून बघ, कोरडी निघाली तर झालं, नाहीतर आणखी दहा मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा उलटा करू नकोस. वर क्रीम वगैरे काही लागत नाही, पोरं गरम चहाबरोबर संपवतील.

काटकसर गॅसचीही करायची. डाळ तासभर भिजवून ठेव, कुकरमध्ये खाली डाळ आणि वरच्या डब्यात भात एकाच वेळी लाव. पातेल्यावर झाकण ठेवायची सवय लाव, तुम्हा लोकांना उघडं पातेलं रटरटताना बघायला का आवडतं कोण जाणे. भाजी आणायचीच झाली तर संध्याकाळी मंडई उठायच्या वेळी जा, माल उरलेला असतो आणि विकणाऱ्यालाही तो घरी न्यायचा नसतो. मात्र स्वस्त मिळाली म्हणून तीन जुड्या उचलू नकोस.

रविवारी भांडी पाहुण्यांसकट सगळ्यांनी घासा, आईला किंवा मला व्हिडिओ कॉल करून दाखवायची गरज नाही. केक फुगला नाही तर मात्र कळव, सोडा किती जुना आहे ते विचारीन.

आशीर्वाद.

तुझी,
मावशी

ता. क. कढईतलं मीठ भाजून पिवळट पडेल. ते स्वयंपाकात घालायचं नाही, पण टाकायचंही नाही. गार झालं की वेगळ्या बरणीत भरून वर चिठ्ठी लाव, पुढच्या केकला तेच चालतं.