बोनसची योजना आखताना

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मी तीसेक वर्षं कॉस्टिंग आणि फायनान्स सांभाळलं. मॅनेजरांच्या बोनसच्या दोन योजना माझ्या हातून कागदावर उतरल्या. पहिली सपशेल फसली. त्यातून जे शिकलो ते नव्या लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

१. ज्याचे पैसे द्याल, तेच होतं.

पहिल्या योजनेत प्लॅन्ट हेडचा बोनस आम्ही वर्षाच्या नफ्याशी बांधला. मार्चअखेर नफा छान वाढलेला दिसला. एप्रिलमध्ये स्टॉक मोजायला यार्डात गेलो, तर निळ्या ताडपत्रीखाली ब्रॅकेटचे क्रेट छातीपर्यंत रचलेले. खालच्या क्रेटमधला एक नग उचलला, तर बोटांना गंज लागला.

हिशोब असा होता. समजा, कारखान्याचा स्थिर खर्च १ कोटी आणि उत्पादन १ लाख नग, म्हणजे नगामागे १०० रुपये. त्याच खर्चात सव्वा लाख नग काढले की नगामागे ८० रुपये पडतात. विक्री मात्र १ लाखच. मग नफा-तोटा पत्रकात ८० लाख येतात आणि उरलेले २० लाख शिल्लक मालाच्या किमतीत जाऊन बसतात. एकही नग जास्त न विकता नफा २० लाखांनी वाढतो! यात लबाडी नाही, हिशोबाची पद्धतच तशी आहे. मालात अडकलेल्या पैशाचं व्याज हेड ऑफिसच्या खात्यात पडत होतं, त्यामुळे प्लॅन्ट हेडला त्याची झळ लागत नव्हती. आम्ही जे मागितलं, ते त्यांनी दिलं. चूक योजनेची होती, आणि योजना माझी होती.

२. भांडवलाचं भाडं मॅनेजरच्या पत्रकात दिसलं पाहिजे.

दुसऱ्या योजनेत मालसाठा, येणी, यंत्रं अशा प्लॅन्टमध्ये गुंतलेल्या सगळ्या रकमेवर आम्ही वर्षाला १२ टक्के आकार लावला आणि तो वजा करून उरेल त्यावर बोनस ठेवला. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतल्या स्टर्न स्ट्युअर्ट या सल्लागार कंपनीने ती ‘इकॉनॉमिक व्हॅल्यू अ‍ॅडेड’ या नावाने जगभर नेली. आपल्याकडे गोदरेज कन्झ्युमरने ती अंगीकारली.

वर्षभरात फरक दिसला. तेच प्लॅन्ट हेड डेड स्टॉकची यादी घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. उधारी कुणाची किती दिवस थकली आहे, हे आधी फक्त अकाउंट्सला माहीत असायचं. आता तेही विचारू लागले.

३. नुसत्या टक्केवारीवर बक्षीस देऊ नका.

भांडवलावर २४ टक्के कमावणाऱ्या मॅनेजरसमोर १८ टक्के परतावा देणारं नवं मशीन आलं, तर तो नको म्हणतो, कारण त्याची सरासरी खाली येते. कंपनीला भांडवल १२ टक्क्यांनी पडत असेल, तर त्या नकारामुळे दरवर्षी ६ टक्क्यांचा फायदा हातचा जातो. टक्के बघावेत, पण बोनस रुपयांवर द्यावा.

४. जे हातात नाही, त्याचा जाब विचारू नये. पोलादाचा भाव, हेड ऑफिसने वाटून दिलेला खर्च हे वेगळ्या रकान्यात ठेवावं.

५. नफ्याचा आकडा मागच्या कामाचा असतो.

शेवटच्या तिमाहीत मेंटेनन्स पुढे ढकललं, ट्रेनिंग रद्द केलं की नफा हमखास वाढतो आणि पुढच्या वर्षी मशीन बंद पडतं. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ साली ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ मांडलं, ते याच दुखण्यावर. ग्राहक, अंतर्गत कामकाज, शिकणं-सुधारणं यांचीही मोजदाद पैशाच्या बरोबरीने करावी, असं ते सांगतात. फक्त वीस-पंचवीस मापं एका पानावर कोंबू नयेत. आम्ही पैशाच्या आकड्याशेजारी दोनच ठेवली: वेळेवर डिलिव्हरी आणि ठरलेलं मेंटेनन्स. शिवाय बोनसचा तिसरा हिस्सा एक वर्ष राखून ठेवला. गंजलेला माल आणि रखडलेली दुरुस्ती तेवढ्यात उघडी पडते.

६. आकडे लपवून उमेद येत नाही.

दर महिन्याच्या ७ तारखेला आम्ही प्लॅन्टचं पत्रक शॉप फ्लोअरच्या फळ्यावर लावू लागलो. एकदा एका शिफ्ट इनचार्जने क्रेटवर हात ठेवून विचारलं, “साहेब, हा एक क्रेट वर्षभर पडून राहिला, तर व्याज किती?” मी तिथेच क्रेटच्या पुठ्ठ्यावर गुणाकार करून दाखवला. पुढच्या आठवड्यात त्याने प्लॅनिंगकडे जाऊन दोन बॅच थांबवायला लावल्या. त्याला त्या योजनेतून एक रुपयाही मिळणार नव्हता.

तुम्हीही अशी योजना आखत असाल, तर डायरेक्टरांपुढे नेण्याआधी ती एका अनुभवी प्लॅन्ट हेडला वाचायला द्या. त्यांना विचारा, “यातून जास्तीत जास्त बोनस कसा काढाल?” ते जे सांगतील ते लिहून घ्या आणि मगच योजनेवर सही करा.