इंग्रजी वृत्तातील आघात

मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी कवितेतही लघु-गुरू मोजू लागतो आणि तेथेच फसतो. इंग्रजी वृत्ताचा पाया उच्चारकाल नसून आघात होय. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असता आघात पहिल्या शब्दावयवावर, क्रियापद असता दुसऱ्यावर पडतो. अर्थात व्याकरण चुकले की चालही मोडते. इंग्रजी सॉनेटच्या ओळीत सामान्यतः दहा अवयव, म्हणजे निराघात-साघात अशा पाच जोड्या असतात. केशवसुतांनी १८९२ मध्ये हा प्रकार मराठीत आणला तेव्हा चौदा ओळी आल्या, आघात आले नाहीत; मराठी सुनीत लघु-गुरूंवरच चालले, आणि ते योग्यच झाले. व्याख्या पाठ असूनही ओळ वाचता न येणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. शिक्षकांनी प्रथम कोशातील आघातचिन्ह दाखवावे, मग टाळीवर ओळ म्हणवून घ्यावी.