बर्फाच्या मुलुखात जाण्यापूर्वी

पुरानी बस्ती, रायपूर
डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. सोनू,

तुझ्या नाताळच्या सुट्टीचा बेत ताईने मला फोनवर वाचून दाखवला. सिमला, कुफ्री, मनाली, सोलंग, सिस्सू, कसोल, आणि हे सगळं सहा दिवसांत. मला तो पसंत पडला नाही. रागावू नकोस, आधी पत्र पुरतं वाच. तू बर्फाच्या मुलुखात जावंस असं मला मनापासून वाटतं. पण गाडीच्या काचेतून बर्फ बघायचा, चार फोटो काढायचे आणि पुढच्या गावाच्या रांगेत जाऊन अडकायचं, यात तुझी सुट्टी जाऊ नये.

एकच गाव निवड आणि सगळे दिवस तिथेच राहा. माझ्या मते नग्गर. कुल्लू आणि मनालीच्या मध्ये, बियासच्या डाव्या काठावर, साधारण १८०० मीटर उंचीवर हे गाव आहे. मनालीची गर्दी तिथवर फारशी पोचत नाही. निकोलाय रोरिक हा रशियन चित्रकार १९२८ मध्ये तिथे राहायला आला आणि १९४७ मध्ये तिथेच गेला. त्याच्या घरात आता त्याची चित्रं मांडलेली आहेत. आधी त्याने रंगवलेले निळे-जांभळे डोंगर बघ आणि मग अंगणात येऊन समोरचे खरे डोंगर बघ. संध्याकाळी बर्फावर तो रंग खरोखर उतरतो. गावातला जुना किल्लाही नीट पाहा. त्याच्या भिंतीत देवदाराच्या तुळईचा एक थर आणि दगडाचा एक थर असे आलटून पालटून रचलेले आहेत, मध्ये चुना-सिमेंट नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात आसपास मोठी पडझड झाली, पण ही वास्तू उभी राहिली. खेड्यातली जुनी घरंही अशीच असतात. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब वरच्या फळ्यांतून घराला मिळते.

तिथल्या लोकांचा हिवाळा कसा असतो ते आधी समजून घे. आपल्याकडे धान कापून, मळून कोठीत गेलं की गावाला उसंत मिळते आणि पौष पौर्णिमेला छेरछेऱ्याचा सण येतो. लहानपणी गल्लीतल्या पोरांबरोबर टोपली घेऊन तू दारोदार धान मागत फिरायचीस. कुल्लूत ती उसंत बर्फ देतो. सफरचंदं उतरवून झालेली असतात, लाकडं भिंतीशी रचलेली असतात, भाज्या वाळवून ठेवलेल्या असतात. मग घरातली माणसं तंदूरभोवती बसतात. हा तंदूर म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचा धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. बायका मोजे विणतात, कुणी खड्डीवर, म्हणजे हातमागावर, शाल विणायला बसतं, मोदकपात्रासारख्या भांड्यात सिड्डू चढतात. सिड्डू म्हणजे फुगवलेल्या कणकेत अक्रोडाचं नाहीतर उडदाचं सारण, आणि वर सढळ हाताने तूप. एखाद्या घरगुती मुक्कामात राहिलीस तर त्या तंदूरपाशी तुलाही जागा मिळेल. हॉटेलच्या खोलीत ती मिळणार नाही. सुट्टीतला सगळ्यात मोठा आनंद मी त्या जागेत मानतो, म्हणून एवढा आग्रह.

आता बर्फाबद्दल. नाताळला बर्फ पडेलच असं धरून जाऊ नकोस. हिवाळ्यातला तिथला बर्फ पश्चिमी विक्षोभ आणतात, ते भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकत येतात. एखादा डिसेंबरात येतो, एखादा येत नाही. भरवशाचा बर्फ जानेवारीत आणि फेब्रुवारीत. शाळेत हे मी वर्षानुवर्षं शिकवलं आणि इथे घरबसल्या अनुभवतोही. तिकडे विक्षोभ असला की रायपुरात बरेचदा ढग येतात आणि रात्री उबदार होतात. तो पुढे सरकला की आकाश निवळतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि बूढा तालाबावर फिरायला येणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या दिसू लागतात. हिमाचलात बर्फ पडला हे मला असं दोन दिवसांनी अंगावर कळतं.

बर्फ पडलाच, तर त्या दिवशी गाव सोडू नकोस. सगळे वर पळतात, तू पळू नकोस. २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांना शेकडो प्रवासी रात्री बाहेर काढावे लागले. बोगदा ९ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याआधी बोगद्यापलीकडचा लाहौल हिवाळाभर जगापासून तुटलेला असायचा, त्यामुळे तिथल्या माणसांना बोगद्याचं मोल मोठं आहे. पण आता तासाभरासाठी सिस्सूला जाऊन परत फिरणाऱ्यांची रांग लागते. २०२३ च्या नाताळात तर एकाने गाडी चंद्रा नदीच्या पात्रात घातली आणि दंड भरला. तुला सिस्सू बघायचंच असेल तर बर्फानंतर रस्ता मोकळा झाला की स्थानिक चालकाबरोबर जा. सावलीतल्या वळणांवर सकाळी रस्त्यावर काचेसारखा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तिथे गाडी चालवायला हात सरावलेला लागतो. तुझ्या मित्रांपैकी कुणीही स्वतः गाडी चालवायची नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

बर्फाच्या दिवशी गावात चाल. छोटी पावलं टाक आणि पाऊल सपाट ठेव, टाच आधी टेकली की घसरलीच. आवाज कसा दबतो ते ऐक. देवदाराच्या फांदीवरचा भार एकदम सुटतो तेवढाच काय तो आवाज. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की लोक छपरं मोकळी करायला चढतात. विचारून फावडं हातात घे, मदत कर. आणि हा बर्फ त्यांच्या पोटापाण्याचा आहे हे लक्षात ठेव. सफरचंदाच्या जुन्या जातींना सात अंशांखालची थंडी हजार-बाराशे तास तरी लागते, नाहीतर वसंतात बहर नीट येत नाही. हळूहळू वितळणारा बर्फ मुळांना उन्हाळ्यापर्यंत ओल पुरवतो. कमी बर्फाच्या वर्षी तुम्ही पर्यटक हिरमुसता, तिथला बागवान मात्र धास्तावतो. त्याच्याशी या विषयावर बोल, तो मनापासून बोलेल.

पुढचं दोनदा वाच. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला, थंडी कितीही असली, तरी नाही. आपल्या घरात आजी गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पेटवून खाटेखाली ठेवायची आणि कुणाला काही झालं नाही, कारण वर कौलं होती आणि कौलांच्या फटींतून सगळं निघून जायचं. हॉटेलच्या खोलीत खिडक्या घट्ट, दाराखाली पायपुसणं सारलेलं. तिथे कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. बाथरूममधल्या गॅस गिझरलाही हाच नियम: खिडकी उघडी नसेल तर अंघोळ नको. नळीचा तंदूर चालेल, विजेचा हीटर चालेल, नाहीतर गरम पाण्याची पिशवी घे.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग गारठा हाडात शिरतो. लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं घाल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. गमबूट आणि मोठे कोट सोलंगच्या वाटेवर भाड्याने मिळतात, विकत घेऊ नकोस. मोजे मात्र भरपूर ने, ओले झाले की लगेच बदल. ताजा बर्फ ऊन जवळजवळ सगळंच परतवतो, तेव्हा काळा चष्मा हवाच. स्वेटरसाठी मोठ्या दुकानात जायची गरज नाही. हिवाळ्यात तिबेटी लोकांचा लोकरीचा बाजार भरतो तिथून घे. त्यांची एक वसाहत आपल्याच छत्तीसगडात मैनपाटला साठच्या दशकापासून आहे. तिथे थंडीत पहाटे गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर धरतो, तो तू पाहिलाच आहेस.

एक गोष्ट तारखांबद्दल. सुट्टी पुढे ढकलून जानेवारीत जायचं ठरलं तर आधी चौकशी कर. मनालीजवळच्या गोशालसह काही गावांत मकर संक्रांतीपासून ४२ दिवस शांतता पाळतात. देव स्वर्गात गेले आहेत, त्यांना त्रास नको म्हणून टीव्ही नाही, मंदिरात घंटा नाही, शेतीचं काम नाही. सिस्सूच्या बाजूच्या पंचायतीही अलीकडे आपल्या सणांसाठी जानेवारीच्या उत्तरार्धापासून पर्यटकांना थांबवतात. तेव्हा जाऊ नये. त्यांचा सण त्यांना मोकळेपणी करू द्यावा.

मित्रमंडळी कुरकुरतील, त्यांना हे पत्र दाखव. त्यांना सिमला-कसोल करायचंच असेल तर त्यांनी करावं, तू नग्गरला उतर. दोघी-तिघी जरी तुझ्यासोबत थांबल्या तरी पुरे.

मामी तिळाचे लाडू करतेय. घरगुती मुक्कामाच्या यजमानांसाठीही वेगळा डबा भरणार आहे. रिकाम्या हाताने कुणाच्या चुलीपाशी बसू नये असं तिचं म्हणणं. तू निघण्याआधी लाडू तुझ्याकडे पुण्याला पोचायला हवेत, तेव्हा तारीख आणि पत्ता लगेच कळव.

तुझा
मामा