पंचतारांकित हॉटेलची मुलाखत आणि अमानतीचा प्रश्न



'मुलाखत' हा आपल्या मराठीत रुळलेला शब्द मुळात अरबी आहे. 'मुलाकात' म्हणजे समोरासमोरची भेट. याच धातूपासून बनलेला शब्द पवित्र कुरआनात श्रद्धावंतांच्या वर्णनात येतो. आपल्या पालनकर्त्याशी आपली भेट व्हायचीच आहे अशी ज्यांची खात्री असते, त्यांना नमाज जड वाटत नाही, असे तेथे सांगितले आहे (सूरह बकरा, आयती 45-46). नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाने या मोठ्या मुलाखतीचे स्मरण ठेवावे, कारण आज टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांना जे सांगितले जाईल, त्याचा जाब तेथेही द्यायचा आहे.

नांदेड व लातूरकडील आपली मुले आता पुणे, मुंबई आणि हैदराबादच्या मोठ्या हॉटेलांत नोकरीसाठी जाऊ लागली आहेत. या बाबतीत आपल्या घरांत दोन टोके दिसतात. काही तरुण मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला 'होय सर' म्हणून मोकळे होतात आणि कामावर रुजू झाल्यावर मद्याचा ट्रे हाती आला की घरी दूरध्वनी करून रडतात. दुसरीकडे काही वडील, 'तेथे दारू असते' एवढ्या एका वाक्यावर मुलाला दारातच थांबवतात. शरीअतची रीत या दोहोंपेक्षा वेगळी आहे.

हे क्षेत्रच आपल्यासाठी परके आहे, असेही समजू नये. आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर), डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकारातून मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्टने ताज समूहाच्या सहकार्याने 1989 मध्ये हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी केली. इस्लामवर ग्रंथ लिहिणाऱ्या आणि सार्वजनिक जीवनात वावरलेल्या या गृहस्थांना मराठवाड्यातील मुलांनी आतिथ्याचा व्यवसाय शास्त्रशुद्ध शिकावा असे वाटले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ह. मूसा (अ.) मिस्रमधून निघून मदयनला पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ ना घर होते ना रोजगार. त्यांनी पाणवठ्यावर दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले, सावलीत बसले आणि अल्लाहकडे भलाई मागितली. पुढे त्यांपैकी एकीने वडिलांना सुचविले की यांना कामावर ठेवावे. कामावर ठेवण्यास सर्वोत्तम माणूस तो, जो समर्थ आहे आणि विश्वासू आहे (सूरह कसस, आयत 26). मूळ शब्द 'कवी' आणि 'अमीन' हे आहेत. भाष्यकार सांगतात की सामर्थ्य तिने पाण्याच्या कामात पाहिले आणि अमानत त्यांच्या नजरेच्या मर्यादेत पाहिली. मोठ्या हॉटेलातील मुलाखत कितीही फेऱ्यांची असो, आधी मनुष्यबळ विभाग, मग विभागप्रमुख, कधी महाव्यवस्थापक, स्वयंपाकघरासाठी तर प्रत्यक्ष पदार्थ करून दाखविण्याची परीक्षा. पण शोध याच दोन गोष्टींचा असतो. काम येते का? आणि ज्याच्या हाती पाहुण्याच्या खोलीची किल्ली द्यायची, तो भरवशाचा आहे का?

सामर्थ्याविषयी आपली मुले फार संकोच करतात. स्वतःबद्दल बोलणे म्हणजे बढाई, असे संस्कार घरातून मिळालेले असतात. ते चांगलेच आहेत, परंतु ह. यूसुफ (अ.) यांनी बादशहासमोर कोठारांची जबाबदारी मागताना आपण राखण करणारे व जाणकार आहोत, हे स्पष्ट सांगितले (सूरह यूसुफ, आयत 55). यावरून विद्वानांनी असा अर्थ घेतला आहे की गरजेच्या ठिकाणी, समोरच्याला माहीत नसलेली आपली खरी पात्रता सांगणे निषिद्ध नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या मुलाला मराठी आणि दखनीबरोबर तेलुगू येते; उदगीर, देवणीकडच्या मुलाला कन्नड येते. हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या हॉटेलात ही किती मोठी जमेची बाजू आहे! पण अर्जात तो फक्त 'इंग्रजी: साधारण' एवढेच लिहितो.

परंतु खरी पात्रता सांगणे वेगळे आणि नसलेली दाखविणे वेगळे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पाऊस लागला, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले (मुस्लिम). लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्याला ही हदीस समजावून सांगावी लागत नाही. ओलावा लपविला तर तो उघडा पडतोच. कधी न पाहिलेल्या हॉटेलचे अनुभव-प्रमाणपत्र पैसे देऊन मिळविणे, हे ढिगाखालचे ओले धान्यच आहे.

आता मद्याचा प्रश्न. मद्य निषिद्ध असल्याचा आदेश सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत आहे आणि त्याच सूरहच्या दुसऱ्या आयतीत पापाच्या कामात सहकार्य करण्यास मनाई आहे. मद्यासंबंधी ज्या दहा जणांचा धिक्कार हदीसमध्ये आला आहे (तिर्मिजी), त्यांत पिणाऱ्याबरोबर ओतून देणारा आणि वाहून नेणाराही आहे. हनफी ग्रंथांत एक चर्चा आढळते की मुस्लिमेतराचे मद्य मजुरीने वाहून नेणाऱ्याची मजुरी इमाम अबू हनीफा (रह.) वैध मानतात, तर इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) मकरूह मानतात. काही जण हा मतभेद ऐकून बारमध्ये उभे राहण्याची सोय शोधतात. त्यांना सांगितले पाहिजे की ती चर्चा ओझे वाहणाऱ्या मजुराची आहे, पेल्यात मद्य ओतून देणाऱ्याची नाही. माझ्या मते बारचे काम आणि मद्य वाढण्याचे काम स्वीकारू नये.

पण हॉटेल म्हणजे केवळ बार नव्हे. स्वागतकक्ष, हाऊसकीपिंग, धुलाई, लेखा, देखभाल, सुरक्षा हे विभाग आहेत. या विभागांतील काम स्वतः वैध असेल आणि मालकाचे बहुतांश उत्पन्न खोल्यांचे भाडे, भोजन अशा वैध गोष्टींतून येत असेल, तर त्या कामाचा पगार घेण्यास हरकत नाही, असाच सर्वसाधारण कल आहे. तरी बारकावे विचारून घ्यावेत. काही हॉटेलांत खोलीतील मिनी बार भरण्याचे काम हाऊसकीपिंगकडे असते. खरेदी व भांडार विभागात मद्याची आवकही नोंदवावी लागते. स्वयंपाकघरात डुकराचे मांस व वाइन यांचा प्रश्न येतो.

हे विचारायचे केव्हा? आत गेल्यागेल्या पहिल्याच वाक्यात नको आणि नेमणूकपत्र खिशात टाकल्यावर तर मुळीच नको. कोणत्या विभागात काम करणार, असा विषय निघाला की शांतपणे म्हणावे: "सर, पाहुण्यांची सेवा मी मनापासून करीन. मद्य वाढणे आणि डुकराचे मांस हाताळणे माझ्या धर्मात निषिद्ध आहे, म्हणून स्वागतकक्ष किंवा हाऊसकीपिंगसाठी माझा विचार व्हावा, अशी विनंती आहे." एवढे पुरे. मुलाखत घेणाऱ्याला मद्याच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देऊ नये. आपण तेथे काम मागायला गेलो आहोत. दाढीबाबतही तसेच. नीट विंचरलेली, स्वच्छ दाढी घेऊन जावे आणि हॉटेलचा नियम विचारावा. आदल्या रात्री स्वतःच गृहीत धरून वस्तरा चालवू नये.

'पाहुणा चिडला तर काय कराल?' हा प्रश्न बहुधा विचारला जातोच. पाठ केलेले इंग्रजी वाक्य फेकण्यापेक्षा सूरह जारियातमधील ह. इब्राहीम (अ.) यांचे आतिथ्य (आयती 24-27) समजून घ्यावे. अनोळखी पाहुणे आले, तेव्हा ते गाजावाजा न करता घरात गेले, चांगले पोसलेले वासरू तयार करून आणले, पाहुण्यांना उठवून ताटाकडे न नेता ताटच त्यांच्याजवळ ठेवले आणि हुकूम न करता, आपण जेवणार नाही का, असे मृदूपणे विचारले. शांतपणा, तत्परता, उत्तम तेच देणे, मृदू शब्द. ज्याच्या अंगी हे आहे, तो त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या साध्या शब्दांतही देऊ शकतो. जाता जाता, पाहुण्यासाठीचा अरबी शब्द 'जैफ' ज्या धातूपासून आला आहे, त्याचा अर्थ कलणे, झुकणे. वाटेवरचा माणूस आपल्या घराकडे वळला, तो पाहुणा. आपला 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. दोन्ही भाषांना न सांगता येणाराच आठवला!

निवड झाली तर अटी लिहून घ्याव्यात. मदयनमध्ये ह. मूसा (अ.) यांचा करार आधी ठरला: आठ वर्षे बंधनकारक, दहा स्वखुशीने, आणि त्यावर अल्लाहला साक्षी ठेवले गेले (सूरह कसस, आयती 27-28). म्हणून विभाग कोणता, प्रशिक्षणाचा काळ किती, नोकरी सोडण्यास बंधपत्र आहे का, ब्रेक शिफ्ट असते का, शुक्रवारच्या नमाजसाठी जेवणाची सुटी त्या वेळेला जुळवता येईल का, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

आणि मुलींच्या वडिलांना एक विनंती. मुलीला हॉटेलच्या लेखा किंवा आरक्षण विभागात नोकरी मिळत असेल, तर नकार देण्याआधी चौकशी तरी करावी. हिजाब गणवेशाबरोबर चालेल का, एवढा एकच प्रश्न विचारून थांबू नये. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही, आणि संमती असली तरी तिच्या सुरक्षेची व घरी पोहोचविण्याची व्यवस्था मालकाला करावी लागते. ही व्यवस्था त्या हॉटेलात प्रत्यक्ष कशी आहे, हे तिलाच मुलाखतीत विचारू द्यावे.