गवतातला दवबिंदू



मोतमावलीचा सण जवळ आला की पावसाचा जोर ओसरू लागतो. घोडपदेवमध्ये त्याची खूण म्हणजे गॅलरीत पुन्हा वाळू लागलेले कपडे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र हे दिवस रानफुलांचे असतात. आपल्या भागात घाटावरून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी साताऱ्याजवळचे कासचे पठार पाहिले असेल. तिथले फुलांचे गालिचे सर्वांना दिसतात, पण गवतात लपलेला दवबिंदू फार थोड्यांना दिसतो. आज त्याची ओळख करून घेऊ या.

कुठे व केव्हा?

कासचे पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. पावसाळ्यात पाणी खाली मुरत नाही, ते गवतात झिरपत राहते. अशा पाणथळ गवतात ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत दवबिंदू शोधावा. शास्त्रीय भाषेत त्याचे नाव ड्रोसेरा इंडिका. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले. ‘ड्रोसेरा’ हा शब्द दव या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

ओळखायचे कसे?

१. आधी त्याचे शेजारी शोधा. जांभळी, नाजूक ‘सीतेची आसवे’ आणि पांढऱ्या बटणासारखा ‘गेंद’ जिथे दाटीने दिसतात, तिथली जमीन ओली आहे असे समजावे.

२. वाटेच्या कडेला खाली बसा. झाड बहुधा वीतभरच असते. उभ्याने पाहिले तर ते लालसर गवताच्या काडीसारखे वाटते व नजरेतून निसटते.

३. पाने दोऱ्यासारखी बारीक व लांब असतात. त्यांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. कोवळ्या पानाचे टोक गुंडाळलेले असते.

४. फूल पाच पाकळ्यांचे, फिकट गुलाबी किंवा पांढरट असते.

५. शेवटची खूण सर्वांत सोपी. ऊन चढले की गवतावरचे दव सुकते. या झाडावरचे थेंब मात्र तसेच चमकत राहतात, कारण ते दव नसतेच. तो चिकट रस असतो.

कोकणातल्या सड्यांवर याचाच एक भाऊबंद आढळतो. त्याची पाने जमिनीला चिकटून नाण्याएवढे लाल चक्र करतात. दोघांत गल्लत करू नये.

हा रस कशासाठी?

जोराच्या पावसाने या पातळ मातीतली पोषक द्रव्ये वाहून जातात. नत्र तर फारच कमी उरते. ते दवबिंदू किड्यांपासून मिळवतो. थेंबाला भुललेला लहान किडा पानावर बसतो आणि चिकटतो. आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात, पाचक रस स्रवतो आणि किड्यातले नत्र पान शोषून घेते. चार्ल्स डार्विन यांनी दवबिंदूच्या युरोपातल्या भावंडावर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आपल्या शेजारचा वारसा

अशा लहान वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांत दोन येशूसंघीय धर्मगुरूंची नावे आदराने घेतली जातात. स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आपल्यापासून बसने थोड्या अंतरावर, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आहे. स्पेनमधून आलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) त्याच कॉलेजात शिकवीत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. १९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख होते आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातून आलेल्या या माणसांनी आपल्याच डोंगरातली गवताएवढी झाडे पानापानाने तपासली. आपण मात्र मोबाईलमध्ये फोटो काढून पुढे निघतो.

आपण काय करावे?

मीही त्यातलाच. पहिल्यांदा कासला गेलो तेव्हा पिवळ्या सोनकीच्या पार्श्वभूमीवर फोटो हवा म्हणून वाट सोडून चार पावले आत गेलो. परतताना गावातल्या एका मुलाने माझ्या बुटाच्या ठशाकडे बोट दाखवले. चिखलात तीन-चार लाल काड्या चिरडल्या होत्या. “काका, हेच दवबिंदू,” तो म्हणाला. शोधत होतो तेच फूल माझ्या पायाखाली गेले होते. दवबिंदू एका वर्षाचे झाड आहे. बी पडण्याआधी ते चिरडले, तर त्या जागी पुढच्या पावसाळ्यात उगवायला त्याचे बी उरत नाही.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. गर्दीमुळे तिथे रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. म्हणून जाणाऱ्यांनी आधी नोंदणी करावी, शक्यतो शनिवार-रविवार टाळावा, आखलेली वाट सोडू नये, फूल तोडू नये आणि मुलांना प्रत्येक फुलापाशी दोन मिनिटे तरी थांबू द्यावे.

प्रभू येशूने रानातल्या फुलांकडे नीट पाहायला सांगितले आहे. पाहण्याआधी आपला पाय कुठे पडतो आहे हेही पाहावे, एवढे मी त्या मुलाकडून शिकलो.