गावच्या मैदानापासून भारतीय संघापर्यंत

आश्रमशाळेत खेळ शिकवताना पालक मला हमखास विचारतात, "गुरुजी, पोरगी खेळते चांगली, पण पुढं काय?" उत्तरासाठी मी सिमडेगा (झारखंड) आणि सुंदरगड (ओडिशा) या शेजारच्या आदिवासीबहुल जिल्ह्यांचे उदाहरण देतो. तिथून भारतीय हॉकी संघाला सातत्याने खेळाडू मिळाले. चपळाई आपल्या पाड्यांवरही आहे. तिथे वर चढायला पायऱ्या आहेत.

१. गावची स्पर्धा : बक्षीस म्हणून बोकड किंवा कोंबडा, आणि बघायला सारे गाव. लहान मुले बांबूच्या काठीने खेळत मोठ्यांचे पाहून शिकतात. इथे कोणाला लवकर वगळले जात नाही.

२. क्रीडा वसतिगृह : पोटभर जेवण, शाळा आणि प्रशिक्षक एकाच ठिकाणी. राउरकेल्याच्या पानपोष वसतिगृहातून दिलीप तिर्की घडले. ते तीन ऑलिंपिक खेळले. खुंटी जिल्ह्यातल्या हेसल गावची निक्की प्रधान रांचीच्या बरियातू केंद्रात शिकली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेली.

३. योग्य मैदान : १९७६ पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर होते. मातीवर चेंडू उसळतो, तिथे तो सपाट आणि वेगाने येतो. ही सवय कोवळ्या वयातच लागावी लागते.

४. पोटापाण्याची सोय : रेल्वेसारखी खाती खेळाडूंना नोकरी देतात, म्हणून घरचे लोक खेळू देतात.

माझ्या पाहण्यात आपली मुले पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये गळतात. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले की मूलही जाते आणि सराव तुटतो. खो-खो असो वा कबड्डी, हंगामभर मूल शाळेत राहील, एवढी व्यवस्था झाली तरी मोठे काम होईल.

आणखी एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगावी. भारतीय संघात फार थोड्यांना जागा मिळते. म्हणून खेळापायी शिक्षण सुटता कामा नये. दहावी-बारावी झालेली मुलगी संघात आली नाही, तरी तिच्यापुढे वाट उरते.

कार्यकर्त्यांनी येत्या तीन महिन्यांत एवढे करावे : पाड्यावर एक स्पर्धा भरवावी, चांगल्या खेळणाऱ्या मुलामुलींची नावे लिहून ठेवावीत आणि त्यांचे आईबाप स्थलांतर करण्याआधी घरी जाऊन त्यांच्याशी बोलावे.